दोन बोटं रुंदीची पट्टी आणि वीस लाख ठिपके

टीव्हीचं मागचं झाकण काढून आत पाहिलं की पहिलं आश्चर्य वाटतं ते रिकामपणाचं. चाळीस-बेचाळीस इंचांचा टीव्ही, आणि आत पत्र्याच्या मोठ्या पाठीवर स्क्रूने बसवलेले जेमतेम तीन बोर्ड. एक पॉवर सप्लायचा, त्यावर जाडजूड कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर. दुसरा मेन बोर्ड, ज्याच्या कडेला एचडीएमआय, यूएसबी, अँटेना यांची भोकं. तिसरा लांबट, अरुंद, बहुतेकदा पत्र्याच्या झाकणाखाली दडलेला. त्याला दुरुस्ती करणारे टी-कॉन म्हणतात, म्हणजे टायमिंग कंट्रोलर. मेन बोर्डापासून या टी-कॉनपर्यंत एक चपटी पट्टी गेलेली असते. रुंदी दोन बोटं, लांबी वीतभर, फार तर हातभर. तिच्या टोकाला धातूच्या बारीक रेघा अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर ओळीने बसलेल्या. फुल एचडी टीव्हीत त्या बहुधा ५१ असतात.

आवाज सोडला तर टीव्हीवर दिसणारं सगळं या पट्टीतून जातं. विश्वचषकाची अंतिम लढत, आषाढी वारीचं थेट प्रक्षेपण, रात्रीच्या बातम्या, जुने सिनेमे. दुसरी वाट नाही. आणि तरीही टीव्हीची निगा, टीव्हीची किंमत, टीव्हीची जाहिरात यांत तिचं नाव कुठेही नसतं. ती आठवते फक्त बिघडल्यावर. तेव्हाही बऱ्याच घरांत तिचं नाव कानावर येतच नाही, येतं ते एकच वाक्य, ‘पॅनेल गेलं’. हे वाक्य कधी खरं असतं, कधी नसतं. त्यातला फरक कळावा म्हणून, आणि त्याहून जास्त म्हणजे या पट्टीत काय चालतं ते थक्क करणारं आहे म्हणून, तिच्याकडे नीट पाहायला हवं.

आधी हिशेब मांडू. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपठिपके, म्हणजे बासष्ट लाखांहून अधिक. प्रत्येक उपठिपका किती उजळायचा हे ० ते २५५ यांमधल्या एका आकड्याने ठरतं आणि तो आकडा आठ बिटांत लिहिला जातो. हे सगळे आकडे सेकंदाला साठ वेळा नव्याने पाठवायचे. चित्र हललं नाही तरी पाठवायचे, कारण पडद्याला काल काय दाखवलं हे आठवत नाही, सेकंदाच्या साठाव्या भागापूर्वीचंही नाही. बेरीज होते सेकंदाला जवळपास तीनशे कोटी बिट. टीव्ही सुरू आहे तोवर, पापणी लवायच्या आतसुद्धा, हा ओघ अखंड चालू असतो.

पलीकडे काचेच्या पडद्याला उभ्या तारा किती? १९२० गुणिले ३, म्हणजे ५७६०. आडव्या १०८०. इतक्या तारांना काय सांगायचं ते सगळं ५१ रेघांच्या पट्टीतून येतं, आणि त्या ५१ पैकीही चित्राच्या कामाच्या असतात वीसच्या आसपास. बाकीच्या जमिनीशी जोडलेल्या, काही १२ व्होल्टचा पुरवठा वाहणाऱ्या, एखाद-दोन इशाऱ्याच्या. चित्र वाहणाऱ्या तारा जोडीजोडीने असतात. साधारण आठ जोड्या आकडे नेतात आणि दोन जोड्या ताल धरतात. त्या तालाला अभियंते क्लॉक म्हणतात. तालाच्या प्रत्येक ठोक्याला आकड्यांची प्रत्येक जोडी सात बिट पुढे सरकवते. ठोके पडतात सेकंदाला सात कोटी साडेबेचाळीस लाख. म्हणजे एकेका जोडीतून सेकंदाला सुमारे बावन्न कोटी बिट जातात.

यातून जे निघतं ते माझ्या मते या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर सत्य आहे. सेकंदाला बावन्न कोटी बिट म्हणजे एका बिटाच्या वाट्याला दोन अब्जांश सेकंदांहूनही थोडा कमी वेळ येतो. तारेतून विजेचा संकेत एका अब्जांश सेकंदात साधारण वीस सेंटिमीटर धावतो. तेव्हा एक बिट तारेत जागा व्यापतो अडतीस सेंटिमीटरच्या आसपास. पट्टी असते वीतभर ते हातभर. म्हणजे कोणत्याही एका क्षणी एका जोडीत साधारण एकच बिट असतो, कधी तर तोही पुरता मावत नाही. पुढचा बिट मेन बोर्डातून निघतो तेव्हा आधीचा टी-कॉनच्या दारात पोचत असतो. वीस लाख ठिपक्यांचं चित्र पट्टीत कधीच, अंशानेही, एकत्र नसतं. क्षण थांबवून पट्टीत डोकावता आलं असतं तर हाती लागले असते जेमतेम आठ-दहा हो-नाही. समोर सोफ्यावर बसलेल्याला मात्र आख्खं मैदान दिसतं, त्यावरची हिरवळ दिसते, गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम दिसतो.

आता हे बिट पाठवायचे कसे? जुन्या वळणाचा उपाय सरळ होता. तारेत व्होल्टेज चढवलं की एक, उतरवलं की शून्य. तीन किंवा पाच व्होल्टांचा हा चढउतार सेकंदाला कोट्यवधी वेळा करायचा म्हणजे प्रत्येक तार छोटी अँटेना होते, शेजारच्या तारांना आणि शेजारच्या रेडिओला त्रास देते, वीजही खाते. ही अडचण आधी टीव्हीत आली नव्हती, लॅपटॉपमध्ये आली. लॅपटॉपचा पडदा बिजागरीवर उघडतो-मिटतो, त्या अरुंद बिजागरीतून तारांचा जाड जुडगा न्यायचा कसा? १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीने यावर उत्तर पुढे आणलं. त्याचं नाव एलव्हीडीएस, म्हणजे लो व्होल्टेज डिफरन्शियल सिग्नलिंग. ही कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतली, पण ती चार इंग्रजी अक्षरं आज आपल्याकडच्या प्रत्येक टीव्ही मेकॅनिकच्या तोंडी आहेत. दुकानात कुणी ‘सिग्नल पट्टी’ म्हणत नाही, ‘एलव्हीडीएस’च म्हणतात.

एलव्हीडीएसची युक्ती अशी. एका बिटासाठी एक तार न वापरता दोन वापरायच्या. दोन्हींत सव्वा व्होल्टाच्या आसपासचं व्होल्टेज ठेवायचं आणि एक थोडी वर, दुसरी थोडी खाली करायची. फरक फक्त ३५० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरासा वर. घेणारी चिप कोणत्याही तारेचं व्होल्टेज मोजत नाही. ती दोघींमधला फरक पाहते. पहिली वर तर एक, दुसरी वर तर शून्य. बाहेरून गोंगाट आला, शेजारच्या पॉवर सप्लायचा असो की घरातल्या मिक्सरचा, तर तो एकमेकींना चिकटून जाणाऱ्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो. एका होडीत दोन माणसं बसली आहेत, एक उंच आणि एक ठेंगणा. लाट आली की दोघंही उचलले जातात, लाट ओसरली की दोघंही खाली येतात, त्यांच्या उंचीतला फरक तसाच राहतो. घेणारी चिप तेवढाच पाहते, म्हणून लाट तिला जाणवतच नाही.

ही कल्पना विसाव्या शतकाचीही नाही. टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्येच दोन तारा एकमेकींभोवती पिळून नेण्याचं पेटंट घेतलं होतं. टेलिफोनच्या तारा टेलिग्राफच्या तारांशेजारून जात आणि बोलण्यात तारायंत्राची कटकट ऐकू येई. पिळलेल्या जोडीत दोन्ही तारा त्रासाच्या उगमाला आळीपाळीने सारख्याच जवळ येतात, त्यामुळे त्रास दोघींत सारखा वाटला जातो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. काही टीव्हींत आजही पट्टीऐवजी केसासारख्या बारीक, पिळलेल्या तारांचा जुडगा असतो. त्यात बेल यांची युक्ती जशीच्या तशी डोळ्यांनी दिसते.

आणि यासाठी वीज किती लागते? प्रत्येक जोडीत साडेतीन मिलिअँपिअर प्रवाह, पलीकडच्या टोकाला १०० ओहमचा एक रोधक. गुणाकार केला की तेच ३५० मिलिव्होल्ट येतात. या रोधकात खर्च होणारी शक्ती सव्वा मिलिवॅट. दहा जोड्यांची मिळून बारा मिलिवॅट. ज्या टीव्हीचा दिवा भिंत उजळतो, जो शंभर वॅटच्या घरात वीज घेतो, त्याचं संपूर्ण चित्र बारा हजारांश वॅटच्या कुजबुजीवर चाललेलं असतं.

तो १०० ओहमचा आकडाही सहज आलेला नाही. तारांची रुंदी, त्यांच्यातलं अंतर, मधल्या प्लॅस्टिकचा गुण, वरच्या चंदेरी फॉइलचं अंतर, या सगळ्यांतून त्या जोडीचा स्वतःचा एक विद्युत स्वभाव ठरतो. तो टोकाच्या रोधकाशी जुळला तर संकेत तिथे निमूट विरतो. जुळला नाही तर संकेताचा काही भाग परत फिरतो, पुढून येणाऱ्या बिटावर आदळतो आणि गोंधळ होतो. म्हणून या पट्ट्या नुसत्या तारा नसतात, त्यांची भूमिती मोजून ठरवलेली असते. बाजारात ५१ पिनांची दिसली म्हणून कोणतीही पट्टी लावली आणि चित्रात चमकणारे ठिपके आले, तर कारण बहुधा इथे असतं.

बिघाडाचं तर स्वतंत्र शास्त्र आहे, आणि ते शिकायला अवघड नाही. कोणत्या जोडीतून कोणते बिट जातात हे ठरलेलं असतं. प्रचलित मांडणीत, जिला व्हेसा म्हणतात, चार-चार जोड्यांच्या प्रत्येक संचात पहिल्या जोडीतून लाल रंगाचे खालचे सहा बिट आणि हिरव्याचा एक जातो. दुसरीतून हिरव्याचे पुढचे पाच आणि निळ्याचे पहिले दोन. तिसरीतून निळ्याचे उरलेले चार, आणि त्यांच्यासोबत ओळ कुठे सुरू झाली, चित्र कुठे सुरू झालं हे सांगणारे इशारे. चौथीतून तिन्ही रंगांचे सगळ्यांत वरचे दोन-दोन बिट, ज्यांचं मोल १२८ आणि ६४ आहे.

आता समजा चौथी जोडी गप्प झाली आणि घेणाऱ्या चिपने त्या जागी शून्य धरलं. गालावरच्या एका ठिपक्याचा आकडा १९१ आहे. त्यातले १२८ हरवले, उरले ६३. शेजारच्या, किंचित उजळ ठिपक्याचा आकडा १९२. तो १२८ अधिक ६४ असा बनलेला, त्याचे दोन्ही भाग हरवले आणि उरलं शून्य. जिथे उजेड एका पायरीने वाढायला हवा होता तिथे चित्र अचानक काळं होतं. चेहऱ्यावर नकाशातल्या उंचीच्या रेघांसारखे पट्टे उमटतात, आकाश थरांत फुटतं, माणसं फोटोच्या निगेटिव्हमधून आल्यासारखी दिसतात. असं चित्र पाहिलेलं असेल तर तुम्ही नकळत बायनरी आकड्यांचं वरचं टोक तुटलेलं पाहिलं आहे.

गंमत अशी की दुसरी एक मांडणी आहे, जेइडा नावाची. तिच्यात चौथ्या जोडीतून सगळ्यांत खालचे बिट जातात, ज्यांचं मोल १ आणि २. तिथे तीच जोडी तुटली तर २५५ मध्ये फार तर ३ ची चूक होते आणि डोळ्याला पत्ताही लागत नाही. एकच तार तुटते, एका टीव्हीत हाहाकार होतो, दुसऱ्यात काहीच घडत नाही. तिसरी जोडी गेली तर ओळीचे इशारेच हरवतात, पडदा काळा पडतो किंवा चित्र ठरतच नाही. तालाची जोडी गेली की सगळंच गेलं, कारण आकडे येत राहिले तरी ते कुठून मोजायचे हे कळत नाही.

या तर्काने घरबसल्या बरंच ओळखता येतं. चित्र बिघडलं की रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडून पाहा. मेनू स्वच्छ आणि मागचं चित्रच खराब, तर दोष सेट टॉप बॉक्समध्ये, एचडीएमआय केबलमध्ये किंवा प्रक्षेपणात शोधायला हवा. मेनूची अक्षरंही त्याच रोगाने फाटली असतील तर दोष मेन बोर्डाच्या शेवटच्या टप्प्यात किंवा त्याच्या पुढे आहे, आणि पुढे पहिली येते ती आपली पट्टी. आवाज येतोय पण पडदा काळा, तर अंधारात पडद्यावर जवळून विजेरी मारावी. अंधूक चित्र दिसलं तर बॅकलाइट गेलेला असतो आणि पट्टी निर्दोष असते. चित्राचा उजवा किंवा डावा अर्धाच भाग गेला असेल तर बऱ्याच टीव्हींत संशय टी-कॉनपासून पडद्याच्या डाव्या-उजव्या बोर्डांकडे जाणाऱ्या दोन छोट्या पट्ट्यांवर घ्यावा लागतो. बारीक, एका ठिपक्याच्या रुंदीची एकच उभी रेघ कायमची उमटली असेल तर तो दोष काचेच्या कडेला चिकटवलेल्या फिल्मचा किंवा काचेतल्या तारेचा असण्याची शक्यता फार मोठी. तिथे पट्टी बदलून उपयोग नाही, आणि हे आधी सांगणारा मेकॅनिक सचोटीचा समजावा.

पण न हलणाऱ्या, कुणी हात न लावलेल्या पट्टीला होतं काय? बहुतेक वेळा तार मधे तुटत नाही. दोष तिच्या टोकाशी असतो, जिथे तिच्या धातूच्या रेघा सॉकेटमधल्या स्प्रिंगांना टेकतात. टीव्ही सुरू झाला की आत गरम होतं, बंद झाला की थंड. पत्रा, प्लॅस्टिक, तांबं, काच हे सगळे उष्णतेने वेगवेगळ्या प्रमाणात वाढतात. त्यामुळे रेघ आणि स्प्रिंग एकमेकांवर काही मायक्रोमीटर घासतात, दिवसातून कित्येकदा, वर्षानुवर्षं. त्या रेघांवर बहुधा कथलाचा मुलामा असतो. कथलावर हवेने पातळ पण कठीण ऑक्साइडचा थर धरतो, घासण्याने तो फुटतो, खालचं नवं कथील उघडं पडतं, त्यावर पुन्हा थर. हळूहळू स्पर्शाच्या जागी ऑक्साइडचा भुगा साचतो. आपले मेकॅनिक ‘कार्बन बसलाय’ म्हणतात ते हेच. सोन्याच्या मुलाम्याला असा थर धरत नाही, म्हणून महागाच्या जोडण्यांत दोन्ही बाजूंना सोनं असतं.

आणि पाच व्होल्टांचा दणका जिथून सहज पार झाला असता, तिथे ३५० मिलिव्होल्टांची कुजबुज अडते. वेग वाढवताना आणि गोंगाट टाळताना आपण संकेत इतका सौम्य केला की स्पर्शाच्या शुद्धतेवर सगळं अवलंबून राहिलं.

त्यात आपली हवा. मुंबईत आणि कोकणात समुद्राकडून येणारा खारा दमटपणा मुलाम्याला लवकर खातो. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर बसवलेल्या टीव्हीचं तसंच. टीव्हीच्या आत ऊब असते, म्हणून पाली, झुरळं आणि मुंग्या तिथे घर करतात, आणि त्यांची घाण सॉकेटच्या बारीक पिनांमध्ये पडली की अर्ध्या मिलिमीटरवरच्या दोन शेजारणी आपसांत जोडल्या जातात किंवा गंजून जातात.

दोष असा स्पर्शाचा असतो म्हणूनच टीव्हीच्या पाठीवर थाप मारली की चित्र काही काळ नीट येतं, किंवा टीव्ही तापल्यावर आपोआप सुधारतो. थाप मारून टीव्ही बरा करणं ही भोळी समजूत नाही. त्या हादऱ्याने स्पर्शाची जागा केसभर सरकते आणि ऑक्साइडच्या कडेला धातू धातूला भेटतो. उपाय म्हणून ते टिकत नाही, निदान म्हणून मात्र फार मोलाचं आहे. थापेने बदलणारा दोष जोडणीचा असतो. तो पट्टीच्या टोकाशी असेल, एखाद्या सुटलेल्या सोल्डरमध्ये असेल किंवा काचेच्या कडेला, पण असा टीव्ही उघडून पाहिल्याशिवाय निकालात काढू नये.

पट्टी बदलायचं काम पाहण्यासारखं आहे. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढायचा, नुसता रिमोटने बंद करायचा नाही. पॉवर सप्लायवरच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये टीव्ही बंद असतानाही ३२५ व्होल्टांच्या वर साठा राहू शकतो आणि तो जीवघेणा आहे. म्हणून जाणकार माणूस प्लग काढल्यावर वाट पाहतो, त्या कपॅसिटरवर मल्टिमीटर धरून व्होल्टेज उतरल्याची खात्री करतो आणि त्या बोर्डाकडे हात नेत नाही. ज्याला हे येत नाही त्याने झाकण उघडू नये, हे मी अगदी मनापासून सांगतो. टीव्ही पालथा ठेवायचा तो सपाट जागी, जाड मऊ चादरीवर. पडदा म्हणजे अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये काही मायक्रोमीटरची द्रवस्फटिकांची फट. एका कोपऱ्यावर भार आला की ती तडकते, आणि मग खरोखरच पॅनेल जातं.

अंगावर साचलेली स्थिर विजेची ठिणगी आपल्याला सुमारे ३००० व्होल्टांच्या खाली जाणवतही नाही, चिपला मात्र त्याहून कमीतही इजा होते. म्हणून आधी पत्र्याला हात लावून ती उतरवायची. मग सॉकेटचं कुलूप पाहायचं, कारण इथेच घाई नडते. काही सॉकेटांवर काळी किंवा पांढरी पट्टी नखाने वर उचलायची असते, काहींत धातूची कडी मागे लवते, काहींत दोन बाजूंचे कान दाबून पट्टी सरळ बाहेर ओढायची असते. कुलूप न उघडता ओढली तर सॉकेट मेन बोर्डावरून उखडतं आणि काही शे रुपयांचं काम काही हजारांचं होतं.

पट्टी काढल्यावर ती बदलण्याआधी नीट पाहायची. रेघा काळवंडल्या आहेत का, एखादी उचलली आहे का, कुठे घडी पडली आहे का. आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने टोकं आणि सॉकेट पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं, पुन्हा लावायचं. बऱ्याचदा एवढ्यानेच चित्र येतं, कारण नुसतं काढणं-घालणंसुद्धा ऑक्साइडचा थर खरवडतं. खोडरबराने घासणारेही आहेत. त्याने काम होतं, पण मुलामा पातळ होतो, आणि मुलामा गेला की तांबं उघडं पडून दोष लवकर परततो. सॉकेटमध्ये कागदाची घडी कोंबून दाब वाढवणं हा तर तात्पुरता उपाय आहे. ग्राहकाला तसं सांगून केला तर ठीक, दुरुस्ती म्हणून विकला तर नाही.

पुसूनही दोष राहिला की मल्टिमीटरने एकेक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची. बीप वाजली तर तार अखंड. ५१ वेळा. आणि नवी पट्टी घेताना जुनी सोबत न्यायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जुनी हातात घेऊन गेलेल्या माणसाचं काम सोपं होतं. पिनांची संख्या, दोन पिनांमधलं अंतर, लांबी, फॉइल आहे की नाही, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही टोकांच्या रेघा पट्टीच्या एकाच अंगाला आहेत की उलट अंगांना. उलटसुलट असलेली पट्टी सॉकेटात तशीच सरळ बसते आणि जोडणी मात्र होत नाही, किंवा त्याहून वाईट, चुकीची होते. आठवा, याच पट्टीत १२ व्होल्टचा पुरवठाही आहे. पट्टी तिरकी बसली आणि ते १२ व्होल्ट कुजबुजीच्या तारांवर आले, तर तीन-चार व्होल्टांपलीकडे न सोसणारी चिप क्षणात जळते. म्हणून दोन्ही कडा समांतर आहेत हे पाहून, कुलूप लावून, पुन्हा एकदा पाहून मगच प्लग लावायचा.

फोर-के टीव्हींत हीच गोष्ट आणखी पुढे गेली आहे. तिथे ठिपके चौपट, ८२,९४,४०० आणि जपानच्या थाइन इलेक्ट्रॉनिक्सची व्ही-बाय-वन नावाची पद्धत. साठ चित्रांच्या फोर-केला आठ जोड्या पुरतात आणि एकेका जोडीतून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी बिट जातात. म्हणजे ज्या ओघाला फुल एचडीत आख्खी पट्टी लागत होती, तेवढा इथे एका जोडीत. बिट आखडून तारेत सात सेंटिमीटरवर आला आहे. तालाची वेगळी जोडी तिथे नसते. आकड्यांच्या प्रत्येक आठ बिटांचे दहा बिट करून असे रचतात की एक आणि शून्य सतत पालटत राहावेत, आणि त्या पालटण्यातूनच घेणारी चिप ताल ओळखते. ही आठाचे दहा करण्याची रीत आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक या दोघांनी १९८३ मध्ये मांडली होती, टीव्हीचा विचारही मनात नसताना. अशा टीव्हीत पट्टीच्या बाबतीत तडजोड आणखी कमी चालते. थोडी लांब, थोडी वेगळी पट्टीही चित्रात चमचमणारे कण आणू शकते.

टीव्हीच्या किमतीचा मोठा वाटा पॅनेलचा असतो. म्हणून ‘पॅनेल गेलं’ म्हटलं की पुढचं वाक्य ‘नवा घ्या’ हेच येतं, आणि चालू शकणारा टीव्ही भंगारात जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात टिकाऊ गृहोपयोगी वस्तूंचाही समावेश आहे. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांचा तपशील ग्राहकापर्यंत पोचवावा हा त्यामागचा हेतू. आपल्या मॉडेलच्या पट्टीचा क्रमांक, तिची लांबी, तिच्या पिनांची मांडणी एवढं जरी प्रत्येक कंपनीने उघड केलं तरी गावोगावच्या मेकॅनिकांचं अर्धं काम हलकं होईल.

तोवर एवढं करा. चित्र फाटलं, चेहरे निगेटिव्ह झाले, रंग बिनसले, तर मेनू उघडून पाहा, जमलं तर त्याचा फोटो काढून ठेवा. मेकॅनिक आला की ‘पॅनेल’ हा शब्द निघायच्या आधी त्याला विचारा, एलव्हीडीएस काढून, पुसून, तपासून पाहिली का? नसेल पाहिली, तर तुमच्यासमोर पाहायला सांगा.